अमेरिकेतला भाचा ‘हरे कृष्ण’वाला झालाय आणि चतुर्थीला मालवणात घरी येतोय, त्याचं जेवणखाण कसं सांभाळायचं? आणि हे तिकडे एवढं पसरलं कसं?

चतुर्थीच्या दिवसाची चिंता नको. निवेदाच्या पानात आपणही कांदा-लसूण घालत नाही. मोदक, पातोळ्या, दुसऱ्या दिवशीची ऋषीची भाजी, सगळं त्याला चालेल. अडचण येणार ती गौरीच्या तिखट्याला, म्हणजे मांसाहारी जेवणाला. घरात वडे-सागोती होणार असेल तर भाच्यासाठी तवा, एक टोप आणि तळणीचं तेल आधीच वेगळं काढा. मासळी तळलेलं तेल कितीही गाळलं तरी वास लपत नाही.

काळ्या वाटाण्याचं सांबारं कांद्याशिवाय उत्तम होतं. वाटीभर वाटाणे रात्रभर भिजवून शिजवा. अर्ध्या नारळाचं खोबरं, चार-पाच बेडगी मिरच्या, दोन चमचे धणे आणि थोडी मिरी मंद आचेवर तांबूस भाजून वाटा. मोठ्या आचेवर खोबरं कडेने करपतं, आणि तो कडवटपणा झाकायला इथे कांदा नाही. वाटप पातळ वाटलं तर मूठभर शिजलेले वाटाणे त्यातच वाटा. सोलकढीत लसणीऐवजी आलं-मिरची. चहा-कॉफीही बंद असेल, तर कोकम सरबत द्या.

मीठ बघायलासुद्धा चाखू नका. अन्न आधी कृष्णाला दाखवायचं असतं, वर तुळशीचं पान ठेवून. गणपतीच्या पानात आपण एरवी तुळस ठेवत नाही, म्हणून दोन पानं वेगळी वाढा. हे लोक इतर देवांना मान देतात, पण त्यांची स्वतंत्र पूजा करत नाहीत. कृष्णाला दाखवलेले मोदक मग गणपतीपुढे ठेवलेत तर बहुतेकांची हरकत नसते.

हे नियम अमेरिकेतले नव्हेत, बंगालातल्या चैतन्य महाप्रभूंच्या कृष्णभक्ती परंपरेतले आहेत. १९६५ मध्ये ६९ वर्षांचे भक्तिवेदांत स्वामी प्रभुपाद ‘जलदूत’ या मालवाहू बोटीने अमेरिकेला गेले. प्रवासाची सोय सिंधिया कंपनीच्या सुमती मोरारजींनी केली. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर एका दुकानाच्या गाळ्यात इस्कॉन, म्हणजे ‘हरे कृष्ण’वाल्यांची संस्था, सुरू झालं. जुन्या समाजाला विटलेली तरुण पोरं तिथे येत. माझ्या मते त्यांना तत्त्वज्ञानाआधी कीर्तनाने आणि फुकट प्रसादाने धरलं, आणि काटेकोर दिनक्रमाने टिकवलं. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रथयात्रा निघाली. १९६९ मध्ये ‘बीटल्स’मधल्या जॉर्ज हॅरिसनने लंडनच्या भक्तांकडून ‘हरे कृष्ण’ महामंत्राची रेकॉर्ड करून घेतली. प्रभुपाद १९७७ मध्ये गेले, त्यानंतर गुरुपदावरून भांडणं झाली, गुरुकुलांत मुलांच्या छळाची प्रकरणं उघड झाली. तेही माहीत असावं. आता तिकडच्या बऱ्याच मंदिरांत रविवारी आपल्याच लोकांची गर्दी जास्त असते.

दीक्षा घेतली असेल तर रोज १०८ मण्यांच्या १६ माळा, म्हणजे १७२८ वेळा मंत्र. दोनेक तास जातात. पहाटे चारला उठून तो पडवीत बसेल. हात जपाच्या पिशवीत आणि तर्जनी बाहेर दिसली की हाका मारू नका.

चतुर्थीनंतर आठवड्याने परिवर्तिनी एकादशी येते. धान्य, डाळी, कडधान्यं सगळं बंद. साबुदाणा बहुतेकांना चालतो. नेमकी चूक फोडणीत होते: बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, म्हणून त्या दिवशी हिंगाची डबी फडताळातच राहू दे.