अनोळखी खेळाडूपुढे ब्लफ मारावा का?

प्रश्न : दिवाळीत घरच्यांबरोबर तीन पत्ती खेळत मी मोठा झालो. आता आम्ही मित्र पैसे न लावता, नुसत्या चिप्सवर (पैशांऐवजीच्या चकत्यांवर), दोघादोघांत टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळतो; त्यात प्रत्येकाच्या हातात दोन पाने आणि मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडी पाने असतात. परवा पहिल्यांदाच भेटलेल्या एका गृहस्थांसमोर मी सत्ती-दुर्री हातात असताना फ्लॉप (मधली पहिली तीन पाने), टर्न (चौथे पान) आणि रिव्हर (पाचवे, शेवटचे पान) अशा तिन्ही वेळा बेट लावली (चिप्स पुढे केल्या), तिन्ही वेळा त्यांनी कॉल केला (तेवढ्याच चिप्स लावल्या) आणि माझ्या बहुतेक चिप्स गेल्या. अनोळखी माणसासमोर हलक्या पत्त्यांवर ब्लफ मारूच नये का, म्हणजे पत्ते भारी असल्याचे भासवून बेट लावूच नये का?

उत्तर : मारावा, आणि तुमची फ्लॉपवरची पहिली बेट बरोबरच होती, असे माझे स्पष्ट मत आहे. हातात जोडी नसलेल्या खेळाडूची फ्लॉपवर जोडी जमण्याचा योग साधारण तीनांत एकदाच येतो, म्हणजे समोरचा माणूस कसा खेळतो हे ठाऊक नसले तरी बहुतेक वेळा त्याला काही लागलेले नसते, एवढे आपल्याला ठाऊक असते. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 600 चिप्स असताना 300 लावल्या, तर त्याने तीनांत एकदा पत्ते टाकून डाव सोडला तरी आपले नुकसान होत नाही. 600 लावल्या, तर मात्र त्याने दोनांत एकदा तरी टाकायला हवेत. म्हणून अनोळखी माणसावर पहिली बेट अर्ध्या पॉटची असावी.

चूक झाली ती टर्नवर. एकदा कॉल केलेल्या माणसाकडे बहुधा काहीतरी असते, आणि हाती आलेली जोडी तो सोडू शकतो की नाही, हे तुम्ही तोवर पाहिलेले नव्हते. तिथे दुसरी बेट लावायची, तर सुधारू शकणारे पत्ते हवेत. एकाच रंगाची चार पाने जमली असतील, तर पाचवे पान पुढच्या पत्त्यात येण्याची शक्यता सुमारे 20 टक्के असते. कॉल झाला तरी डाव संपत नाही. काहीच न जमलेल्या सत्ती-दुर्रीला हा आधार नसतो.

2003 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या स्पर्धेच्या अंतिम लढतीत ख्रिस मनीमेकर यांनी सॅमी फार्हा यांच्यावर मारलेला ब्लफ अशाच सुधारू शकणाऱ्या पत्त्यांवरचा होता. टर्नवर नव्वी, दुर्री, छक्की, अठ्ठी अशी पाने होती, त्यांतली तीन इस्पिकची. मनीमेकर यांच्याकडे इस्पिकचा राजा आणि सत्ती, म्हणजे फ्लश (एकाच रंगाची पाच पाने) आणि स्ट्रेट (ओळीने पाच पाने) दोन्हींची आशा. त्या आशेवरच त्यांनी तिथे रेज केला, म्हणजे बेट वाढवली. रिव्हरवर तिर्री आली, काहीच जमले नाही, तेव्हा त्यांनी सगळ्या चिप्स पुढे सारल्या आणि नव्वीची जोडी असलेल्या फार्हांनी बराच विचार करून पत्ते टाकले.

शेवटच्या पत्त्यावर ब्लफसाठी लहान जोडीपेक्षा काहीच न जमलेला हात बरा, कारण जोडी नुसती दाखवूनही कधीकधी जिंकते; दोघांच्या पोकरचे गणित मांडताना गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्याही हाती हेच आले होते.

त्या गृहस्थांनी अखेरीस कोणते पत्ते दाखवले, हे तुम्ही लिहिलेले नाही. लहानशा जोडीवर त्यांनी तिन्ही कॉल केले असतील, तर त्यांच्यापुढे ब्लफ बंद करून चांगल्या पत्त्यांवर मोठ्या बेट लावा. पण एक्क्यासह दोन जोड्या असतील, तर कोणीही कॉल केलाच असता, आणि ते पत्ते टाकतात की नाही, हे तुम्हाला अजून पाहायचेच आहे.