खाऱ्या पाण्याच्या टाकीत काय चालतं, काय नाही: वाचकांचे प्रश्न

समुद्री टाकीसाठी सम्प (टाकीखालची जोड-टाकी), स्किमर (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण वेगळी करणारं यंत्र), ऑटो टॉप-अप (वाफ झालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) घरीच बनवणारे वाचक वाढताहेत, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. तयार सामान महाग पडतं. वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीच्या आसपास पाइप, अॅक्रिलिक, कटिंग करून देणारे सगळे हाताशी आहेत. पण हार्डवेअरवाला "चालतं" म्हणतो ते नळाचं पाणी डोळ्यांपुढे ठेवून. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि टाकीत तेच पाणी महिनोन्महिने फिरत राहतं. वाफ होते ती फक्त पाण्याची. त्यात जे सुटलं ते टाकीतच साठत जातं. सामान निवडताना ही एक गोष्ट सतत ध्यानात ठेवा.

प्रश्न: घराच्या कामातून उरलेले राखाडी पाइप आहेत. प्लंबर म्हणतो, पीव्हीसी सगळं सारखंच. ओव्हरफ्लोला, म्हणजे टाकीतलं पाणी सम्पमध्ये उतरवायला, वापरू का? (खारघर)

उत्तर: नका वापरू. राखाडी पाइप बहुधा एसडब्ल्यूआर, म्हणजे सांडपाण्याचा असतो. त्यावर आयएस 13592 छापलेलं असतं. हे मानकच सांडपाण्यासाठी आहे, पिण्याच्या पाण्यात काय उतरतं याची खात्री त्यातून मिळत नाही. पीव्हीसी बनवताना उष्णतेने खराब होऊ नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालतात आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं तो शिशाचा असायचा. केंद्र सरकारने त्यावर मर्यादा आणणारे नियम काढले ते 2021 साली. माळ्यावर पडून असलेला पाइप त्याआधीचा असू शकतो.

पिण्याच्या पाण्याचा यूपीव्हीसी घ्या, त्यावर आयएस 4985 लिहिलेलं असतं. किंवा फिकट पिवळसर सीपीव्हीसी घ्या, त्याचा आकडा आयएस 15778. दोन्ही चालतात. आकडा पाइपवरच वाचा, पावतीवर नको. वायरिंगचा कंड्युट पाइप स्वस्त मिळतो, पण तो पाण्यासाठी बनवलेलाच नसतो.

जोडताना यूपीव्हीसीला यूपीव्हीसीचं आणि सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच सोल्युशन लावा. ते पाइपच्या टोकाला पातळ लावा, सॉकेटच्या आत थापू नका, नाहीतर गोळा आत सरकतो आणि पाण्यात राहतो. एक-दोन दिवस सुकू द्या, मग साधं पाणी फिरवून ते फेकून द्या. टेफलॉन टेपची काळजी नको.

प्रश्न: मासे ठणठणीत आहेत, पण कोळंब्या आणि गोगलगायी सोडल्या की दोन-तीन दिवसांत मरतात. अमोनिया, नायट्राइट शून्य. टाकीत धातू कुठेच नाही. (नौपाडा)

उत्तर: आधी एक विचारते: नव्या कोळंब्या पिशवीतून थेंबाथेंबाने टाकीचं पाणी मिसळत सोडल्या होत्या ना? क्षारतेत अचानक फरक पडला तरी त्या मरतात, पण मग सहसा पहिल्या दिवसातच. मासे बरे, कोळंबी-गोगलगाय मात्र एकापाठोपाठ एक जाते, हे लक्षण पाहिलं की मी तांबं शोधायला लागते.

माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचं औषध दिलं जातं, लिटरमागे साधारण 0.15 ते 0.2 मिलिग्रॅम. मासे ते सोसतात. कोळंबी, गोगलगाय, अॅनिमोन यांना तेवढंही घातक ठरतं. कोळंबीच्या कल्ल्यांमधली शरीरातले क्षार सांभाळणारी यंत्रणाच त्याने कोलमडते.

आता "धातू कुठेच नाही" याकडे वळू. तुमच्या फोटोत सम्पमधलं पाणी टाकीत चढवणाऱ्या रिटर्न पंपाच्या वर सीपीव्हीसीचा एल्बो दिसतो आणि त्याच्या तोंडाशी पिवळी चमक आहे. ते ब्रास इन्सर्ट आहे. बाहेरून अख्खं प्लॅस्टिक, आतले आटे पितळेचे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. बाथरूमच्या नळासाठी ही उत्तम वस्तू, कारण नळ कसताना आटे झिजत नाहीत. खाऱ्या पाण्यात मात्र चोवीस तास तेच आटे धुतले जातात. एल्बो काढून उजेडात धरा. आट्यांच्या खाचांत हिरवट-निळसर थर किंवा गुलाबीसर डाग दिसला, तर चोर तिथेच सापडला. गुलाबी रंग जस्त निघून गेल्यावर उरलेल्या तांब्याचा.

तो काढून पूर्ण प्लॅस्टिकच्या आट्यांचा बसवा. टॉप-अपला फ्लश टँकचा फ्लोट व्हॉल्व्ह वापरला असेल तर त्याचा दांडाही बघा, तो बऱ्याचदा पितळेचा असतो. मग तांब्याचं टेस्ट किट आणा, अॅक्टिव्हेटेड कार्बन आणि तांबं ओढणारं मीडिया (फिल्टरमध्ये भरायचं सामान) लावा, थोडं थोडं पाणी बदलत राहा. पाण्याचा आकडा शून्य आला म्हणून लगेच कोळंबी आणू नका. खडक आणि वाळू चुनखडीची असते. ती तांबं धरून ठेवते आणि हळूहळू परत सोडते. काही आठवडे सतत शून्य राहू द्या, मग एकच स्वस्त गोगलगाय सोडून बघा.

प्रश्न: स्किमरला एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) स्क्रू आणि नळी आवळायच्या ज्युबिली क्लिप लावल्यात. चुंबक चिकटत नाही, म्हणजे चांगलं स्टील ना? (कोपरखैरणे)

उत्तर: चुंबक न चिकटणं ही गंज न लागण्याची खूण नाही. 304 या नेहमीच्या प्रतीच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, तरी समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड त्याच्या पृष्ठभागावरचा संरक्षक थर फोडतं आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतं. 316 जास्त टिकतं, पण कायम बुडालेलं राहणार असेल तर त्याचाही भरवसा नको. पाण्याच्या वर असलेली क्लिपसुद्धा गंजातून सुटत नाही, कारण फुटणाऱ्या बुडबुड्यांबरोबर मीठ उडतं आणि गंजाचे थेंब परत खाली पडतात. नायलॉनचे नट-बोल्ट, प्लॅस्टिकच्या क्लिपा, नायलॉनचे केबल टाय लावा. धातूशिवाय गत्यंतरच नसेल तर टायटॅनियम.

चुंबकांचंही इथेच सांगते. निओडिमियम चुंबकावरचा चकचकीत मुलामा निकेलचा असतो, त्याखाली बहुधा तांबं. मुलाम्याला चरा गेला की आतला चुंबक भसाभस कुजतो. इपॉक्सीत किंवा अॅक्रिलिकच्या डबीत पूर्ण बंद केल्याशिवाय तो पाण्यात घालू नका.

प्रश्न: सम्पच्या काचा जोडायला कोणतं सिलिकॉन? दुकानात बाथरूमचं अँटी-फंगल ट्यूब "जास्त भारी" म्हणून देतात. (ऐरोली)

उत्तर: ते बाथरूमसाठीच राहू द्या. बुरशी मारायला त्यात घातलेलं औषध टाकीतल्या जिवांनाही नको. साधं, शंभर टक्के सिलिकॉनचं अॅसिटिक ट्यूब घ्या, ज्यावर अँटी-फंगल किंवा सॅनिटरी असं काही लिहिलेलं नाही. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो, तीच त्याची ओळख. अॅक्वेरियमसाठी म्हणून स्पष्ट लिहिलेलं मिळालं तर उत्तमच.

हे सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन बाहेरून आत घट्ट होतं, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. वरून कोरडं लागलं तरी जाड सांध्यात आत कच्चं असतं. आठवडाभर थांबा, वास पूर्ण गेला की साधं पाणी भरून गळती तपासा. जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही, दुरुस्ती करताना जुनं ब्लेडने मुळापासून खरवडा.

प्रश्न: मिठाचं पाणी कालवायला वापरलेला निळा ड्रम स्वस्तात मिळतोय. (तुर्भे)

उत्तर: ड्रम एचडीपीईचा असतो, म्हणजे तळाला त्रिकोणात 2 चा आकडा, आणि एचडीपीई उत्तम. पण आत आधी काय होतं, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. हे प्लॅस्टिक रसायनं शोषतं आणि धुऊनही ती सगळी निघत नाहीत. नवा फूड ग्रेड घ्या. इथे पैसे वाचवू नका.

प्रश्न: सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि खाडीची वाळू मिसळून खडक करायचाय. जमेल? (कळवा)

उत्तर: सिमेंट आणि शिंपले जमतील. सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पाण्याचा पीएच फार चढतो, म्हणून खडक साध्या पाण्यात बुडवून पाणी बदलत काही आठवडे मुरवावा लागतो. शेवटी ताज्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवूनही पीएच चढला नाही तरच टाकीत. समुद्री टाकीला 8.1 ते 8.4 हवा.

खाडीची वाळू मात्र अजिबात नको. ठाणे खाडीत कित्येक दशकं कारखान्यांचं सांडपाणी येत आलंय, त्या गाळातले जड धातू तुम्ही हाताने टाकीत आणाल. शिवाय खाडीचा मोठा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. तिथून काही उचलायचं नाही. कुणी प्रवाळाचा सांगाडा देऊ केला तरी नको म्हणा. कठीण प्रवाळांना आपल्याकडे 2001 पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

खडक एकमेकांना चिकटवायला फेविक्विकसारखं सायनोअॅक्रिलेट चालतं, जेलमधलं जास्त सोयीचं.

प्रश्न: एखाद्या प्लॅस्टिकवर काहीच छापलेलं नसेल तर घरी तपासता येईल का? (घोडबंदर रोड)

उत्तर: बऱ्यापैकी. दोन स्वच्छ बरण्यांत टाकीसाठी कालवलेलं खारं पाणी घ्या. एकीत त्या वस्तूचा तुकडा दोन आठवडे बुडवा, दुसरी तशीच ठेवा. तवंग, फेस, वास, रंग काहीही आलं तर वस्तू बाद. काही आलं नाही तर दोन्ही पाण्यांत सारखीच आर्टेमियाची (माशांना खाऊ घालतात त्या बारीक खाऱ्या पाण्यातल्या जिवांची) अंडी घाला. 28 अंशांना ती दीड दिवसात फुटतात. तुकड्याच्या बरणीत पिल्लं कमी निघाली किंवा लवकर मेली, तरीही वस्तू बाद. मात्र आर्टेमिया फार चिवट असतात. त्या जगल्या म्हणून नाजूक प्राणी जगतीलच असं नाही. काळं, पुनर्वापराचं, तीव्र वास येणारं प्लॅस्टिक असेल तर ही चाचणी करत बसू नका, सरळ पीपीचा, म्हणजे 5 आकड्याचा किचनचा डबा आणून कापा.