तारा विझला, पण किती वाजता?

नेपच्यूनपलीकडची एखादी वस्तू ताऱ्यासमोरून जाणार, म्हणजे पिधान होऊन तारा क्षणभर झाकला जाणार, असं जाहीर झालं, की माझ्याकडे ठरलेले प्रश्न येतात. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच उत्तरं देतो.

प्रश्न : हे पिधान नुसत्या डोळ्यांनी दिसेल का?

नाही. १२ डिसेंबर २०२३ रोजी लिओना हा लघुग्रह मृगातल्या काक्षी या ठळक ताऱ्यासमोरून गेला, तसे योग दुर्मीळ. आणि लिओना काही नेपच्यूनपलीकडचा नव्हे.

प्रश्न : त्या वेळी आकाशाकडे पाहू नये असा मेसेज आला आहे. खरं काय?

सूर्यग्रहण नाही हे. मेसेज पुसा.

प्रश्न : ‘६७५ पट’ दाखवणारी दुर्बीण मिळते आहे. घेऊ का?

खोक्यावरचा हा आकडा म्हणजे निव्वळ विक्रीची युक्ती. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुपटीपलीकडे वर्धन नेलं की फक्त धूसर गोळा मोठा होतो. पिधानाला वर्धन लागतच नाही. तारा शेवटपर्यंत ठिपकाच राहणार. तो छोट्या एक्स्पोजरमध्ये कॅमेऱ्यात उमटतो का, एवढंच पाहायचं. ताऱ्याची प्रत (तेजाचा आकडा) आणि दुर्बिणीचा व्यास अनुभवी निरीक्षकाला सांगा. तो हो म्हणाला तरच खरेदी.

प्रश्न : वेळेसाठी मोबाइलचं घड्याळ पुरेल ना? अर्ध्या सेकंदाने काय बिघडतं?

हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं.

तारा इतका दूर असतो की त्याचे किरण जवळपास समांतर येतात, म्हणून जमिनीवर पडणारी सावली त्या वस्तूएवढीच असते. वस्तू प्रतियुतीच्या, म्हणजे पृथ्वीवरून सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असण्याच्या, आसपास असली तर ही सावली सेकंदाला साधारण २० ते २५ किलोमीटर धावते. म्हणजे तुमच्या त्या अर्ध्या सेकंदात दहा-बारा किलोमीटर गेले.

आता नेपच्यूनपलीकडची अॅरोकॉथ ही छोटी वस्तू आठवा. १७ जुलै २०१७ रोजी अर्जेंटिनात त्याच्या सावलीच्या वाटेवर २४ फिरत्या दुर्बिणी रांगेने लावल्या होत्या. पाच जणींना तारा विझलेला दिसला, तोही दोन सेकंदांपेक्षा कमी वेळ. प्रत्येक नोंद म्हणजे त्या आकृतीची एक जीवा. पाच जीवा शेजारी ठेवल्यावर आकृती गोल न येता दोन गोळे चिकटल्यासारखी आली, आणि १ जानेवारी २०१९ रोजी न्यू होरायझन्स यान जवळून गेलं तेव्हा तसंच निघालं. त्या पाच ठिकाणची घड्याळं अर्धा-अर्धा सेकंद इकडेतिकडे असती, तर जीवा सरकून काय आकार निघाला असता?

बरं, मोबाइल अचूक आहे असं मानू. संगणक वेळेचा शिक्का मारतो तो फ्रेम त्याच्यापर्यंत पोहोचल्यावर, प्रकाश कॅमेऱ्यावर पडला तेव्हा नव्हे. मधला उशीर कोण मोजणार? माझी स्वतःची एक रात्र अशीच वाया गेली : ऐन रेकॉर्डिंगमध्ये संगणकाने आपलं घड्याळ परस्पर जुळवून घेतलं. म्हणून जीपीएसच्या वेळेचा शिक्का प्रत्येक फ्रेमवर हवा, आणि ही जोडणी आधी दोन-तीन रात्री कोणा जाणत्यासमोर तपासून घ्यायची. त्याच संध्याकाळी खोकं उघडणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

प्रश्न : तारा विझलाच नाही. महिनाभराने व्हिडिओ पुसून टाकला. चुकलं का?

चुकलं. आणि नोंद पाठवायला महिनाभर थांबलात कशासाठी? ४० खगोलीय एककांवर (पृथ्वी-सूर्य अंतराच्या ४० पट दूर) जागेत विकलेचा (अंशाच्या ३६००व्या भागाचा) एक हजारांश चूक म्हणजे जवळपास २९ किलोमीटर. गाइया या अवकाशयानाच्या मोजमापांमुळे ताऱ्यांच्या जागा नेमक्या कळतात, पण वस्तूची कक्षा तितकी नेमकी नसली तर छायापट्टा सरकतोच. ‘इथे सावली नव्हती’ ही नोंद आकाराची कड ठरवते. शिवाय ३ जून २०१३ रोजी कॅरिक्लो या लहान वस्तूच्या पिधानात काही दुर्बिणी सावलीबाहेरच होत्या; तरीही तारा क्षणभर मंदावल्याचं त्यांनी टिपलं, कारण मध्ये त्याची कडी आली. १९७७ साली युरेनसची कडी अशीच सापडली. त्यामुळे व्हिडिओची आधीची-नंतरची मिनिटं छाटू नका, आणि काय ठेवायचं ते निरीक्षणमोहिमेच्या समन्वयकाला विचारा.

प्रश्न : माझा तारा एकदम न विझता हळूहळू मंदावला. वस्तूला वातावरण आहे का?

१९८८ मध्ये प्लूटोचं वातावरण पिधानातूनच पक्कं झालं, हे खरं. पण आधी त्याच फ्रेममधला शेजारचा तारा पाहा. तोही मंदावला असेल तर ढग होता. नसेल तर मूळ फाइल, काहीही न सुधारता, समन्वयकाला आजच पाठवा. मित्रांना नंतर सांगा.