कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग पटकन कसे ओळखायचे?

व्याख्या पाठ करण्याआधी क्रियापद कोणाचं ऐकतं ते पाहा. कर्ता बदला: 'राजू आंबा खातो', 'मीना आंबा खाते'. क्रियापद बदललं, म्हणजे कर्तरी. 'राजूने आंबा खाल्ला' इथे राजूच्या जागी मीना आणली तरी 'खाल्ला'च राहतं, पण आंब्याऐवजी चिंच घेतली की 'खाल्ली' होतं. हा कर्मणी. 'शिपायाने चोराला पकडले' यात दोन्ही बदलून पाहा, 'पकडले' हलत नाही, तो भावे.

बहुतेकांचा गोंधळ 'मी'पाशी होतो. 'मी चिंच खाल्ली' यात 'ने' दिसत नाही म्हणून मुलं सर्रास कर्तरी लिहितात. पण बोलणारा मुलगा असो की मुलगी, 'खाल्ली' तेच राहतं, म्हणून हा कर्मणीच. 'मी', 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' यांना इथे प्रत्यय दिसतच नाही.

उलट शिकणे, विसरणे ही क्रियापदं सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्यामागेच जातात: 'तो कविता शिकला', 'ती धडा विसरली'. परीक्षेत अशीच वाक्यं हमखास येतात, त्यामुळे प्रत्ययावर विसंबू नका, लिंग बदलूनच बघा.