टायर बदलताना रनफ्लॅटच घ्यावेत का?

प्रश्न : माझ्या बीएमडब्ल्यू ३३० आयला पुढे २२५/४५ आर १८ आणि मागे २५५/४० आर १८ असे रनफ्लॅट (हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे) टायर आहेत. मागचे दोन झिजलेत. खड्ड्यांत गाडी फार आदळते. साधे टायर बसवू का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बसवता येतील, पण चारही एकदम बदला. पुढे रनफ्लॅट आणि मागे साधे अशी सरमिसळ अजिबात नको. वळणावर दोन्ही टोकं वेगवेगळी वागतात. रनफ्लॅटची बाजूची भिंत जाड आणि कडक असते, म्हणून धक्का थेट आत येतो. साध्या टायरने आराम नक्की वाढेल. मात्र हवा पूर्ण गेल्यावरही ताशी ८०च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर गाठण्याची सोय जाईल. डिकीत सीलंट (पंक्चर बुजवणारं द्रव) आणि हवा भरायला छोटा काँप्रेसर ठेवाच. तरीही भिंत फाटली तर सीलंटचा उपयोग नाही, स्टेपनी नसेल तर टो करावंच लागेल. रात्रीबेरात्री घाटातून एकट्याने जात असाल, तर आमच्या मते रनफ्लॅटच बरे.

साइज तीच ठेवा. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) आणि वेगाचं अक्षर (किती कमाल वेग चालतो ते) जुन्या टायरइतकं किंवा वरचं हवं. दुकानात टायरच्या भिंतीवरच्या ‘डॉट’ (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार अंक स्वतः वाचा: ३५२४ म्हणजे टायर २०२४च्या ३५व्या आठवड्यात बनला. ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आली का, तेही पाहा. मग अलाइनमेंट, दाराच्या खांबावरच्या तक्त्याप्रमाणे थंड टायरमध्ये हवा आणि शेवटी स्क्रीनवरून प्रेशर मॉनिटर रीसेट.