१९६९ ची शेवरोले कॅमॅरो, ३५० घनइंची इंजिनात मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; कार्डवर १८०० ते ५८०० आरपीएम), टीएच३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या अ‍ॅक्सलला ३.०८ गिअर. मित्र म्हणतो ३५०० स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर घे. घेऊ का?

३५०० चा नको, रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर २४०० ते २५०० स्टॉलचा बास होईल. (टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग, आणि स्टॉल म्हणजे चाकं अडलेली असताना इंजिन ज्या आरपीएमपर्यंत चढू शकतं तो आकडा.) कॅमसोबत जे कार्ड येतं त्यावर पॉवर कुठून कुठपर्यंत ते छापलेलं असतं, तुम्ही लिहिलंय १८०० ते ५८००, म्हणजे इंजिनात जीव येतो १८०० ला आणि स्टॉल त्याच्या सहासातशे वर ठेवायचा, हिशेब एवढाच. आता ३.०८ गिअर आणि २६ इंची टायर धरले तर ताशी ६० मैलाला इंजिन जेमतेम २४०० वर फिरतं, तिथे ३५०० वाला नुसता घसरत राहणार, आणि टीएच३५० ला लॉकअप (कन्व्हर्टर घट्ट जोडून घसरण थांबवणारा क्लच) नाही त्यामुळे ती सगळी घसरण उष्णता होऊन गिअरबॉक्सच्या तेलात जाते. लाल तेल तपकिरी होऊन करपल्याचा वास मारायला लागलं की समजा क्लच प्लेटी चालल्या. (ऑइल कूलर वेगळा बसवाच, तिथे पैसे वाचवू नका.) ओरिजिनल कन्व्हर्टर ठेवलात तर उलटा त्रास, सिग्नलला ड्राइव्हमध्ये गाडी थरथरणार, कधी बंदही पडणार.

फक्त बॉक्सवरचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही, तोच कन्व्हर्टर ४५४ बिग ब्लॉक या जास्त ताकदीच्या इंजिनामागे लावला तर स्टॉल वर सरकतो, म्हणून ऑर्डर देताना गाडीचं वजन, कॅम, गिअर, टायर सगळं सांगा. पुढे मागचा गिअर ३.७३ करणार असाल तर २८०० पर्यंत जायला हरकत नाही.