विलोची जिवंत घुमटी

प्रश्न : इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात आमच्या मागच्या अंगणात नातवंडांसाठी जिवंत विलोची (लवचीक फांद्यांच्या झाडाची) घुमटी करायची आहे. एप्रिलअखेरीस वीस फोक रोवले. जूनपर्यंत निम्मे वाळले, उरलेल्यांना फक्त शेंड्याला पालवी आहे. काय चुकलं?

उत्तर : महिना चुकला. एप्रिलअखेर डोळे फुटतात; पानं पाणी ओढू लागतात आणि ते पुरवायला मुळंच नसतात. पानगळीनंतर, डिसेंबर ते फेब्रुवारी, ताजे कापलेले फोक लावा. टोपल्यांसाठी मिळणारा सुकवलेला किंवा उकडून सोललेला विलो कधीच रुजत नाही. शंका आली तर नखाने साल खरवडा, आत ओलं हिरवं दिसायला हवं. लावेपर्यंत बुडखे पाण्यात ठेवा.

दोन मीटर व्यासाच्या घुमटीला तीन मीटर लांबीचे साधारण 24 उभे फोक आणि दोन मीटरचे 46 बारीक तिरके फोक लागतात. खुंटी-सुतळीने वर्तुळ आखा, 60 सेंटिमीटर दार सोडा. कडेने हातभर रुंद पट्ट्यातलं गवत मुळासकट काढा. नव्या फोकाचं पाणी सगळ्यात आधी गवतच पळवतं. पहारीने 25 सेंटिमीटर अंतरावर 30 सेंटिमीटर खोल भोकं पाडून जाड टोक खाली घाला आणि माती टाचेने दाबा. समोरासमोरचे शेंडे वाकवून एकमेकांत गुंफा. मग दोन उभ्यांच्या मधे दोन तिरके, एक डावीकडे, एक उजवीकडे.

हे तिरके नुसत्या शोभेचे नव्हेत. उभ्या फोकाचा जोर शेंड्याकडे धावतो आणि बुडाशी तो उघडा राहतो, तुमचं तेच झालंय. तिरका फोक अंगभर फुटतो. सांधे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा. तार वाढत्या सालीत रुतते.

पहिला उन्हाळाभर आठवड्यातून एकदा मीटरमागे बादलीभर पाणी द्या. दर हिवाळ्यात वरची वाढ एक-दोन डोळ्यांवर छाटा, खालच्या फांद्या विणून घ्या. छाटणी टाळली तर वर झाड होतं आणि सावलीत जाळी मरते. घर आणि ड्रेनेजपासून किमान दहा मीटर लांब राहा, चिकण मातीत त्याहून लांब.

प्रश्न : इंग्लंडमधल्या समरसेटमध्ये एम-5 महामार्गालगत असलेल्या धावत्या विलो-माणसाच्या पुतळ्याला पालवी का फुटत नाही?

उत्तर : तो जिवंत नव्हताच. शिल्पकार सेरेना द ला हे यांनी 2000 साली पोलादी सांगाड्यावर मेलेला विलो विणून तो उभारला. 2001 मध्ये जाळपोळीत जळाला, पुन्हा विणला. पुढे पक्ष्यांनी घरट्यांसाठी काड्या पळवल्या. वाढतं काम पाहायचं असेल तर जर्मनीतल्या आउअरश्टेटचा 1998चा विलो-महाल पाहा.

प्रश्न : साताऱ्यात असं काही जमेल?

उत्तर : आपल्याकडचा विलो म्हणजे नदीकाठचा वाळुंज. बारमाही ओल असेल तरच त्याच्या नादी लागा. एरवी निरगुडी बरी. तिचे फोक लवचीक असतात, पावसाच्या सुरुवातीला खोचले की रुजतात, आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत.